सहावा पेपर : अंतिम परीक्षेच्या सतरा दिवसांतलं एक प्रकरण

पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, वय २१. सतरा दिवसांत पाच पेपर: पहिल्या, पाचव्या, आठव्या, तेराव्या आणि सतराव्या दिवशी. पहिला पेपर झाला त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी तिच्या विभागात शिकवते आणि विद्यार्थ्यांची मार्गदर्शक म्हणूनही काम करते. मी समुपदेशक किंवा डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जे काही केलं ते शिक्षकाच्या हद्दीत राहून केलं आहे. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पहिली संध्याकाळ

झालं होतं ते असं. प्रश्नपत्रिका हातात आली. पहिला प्रश्न ओळखीचा, आदल्या रात्री दोनदा वाचलेला. पण बैठक क्रमांक लिहिताना तळहाताचा घाम कागदाला लागला, शाई फुटली आणि ती त्या निळ्या डागाकडेच बघत बसली. हाताची बोटं गार पडलेली, छाती धडधडतेय, आणि डोक्यात एकच वाक्य फिरतंय: ‘गेला पेपर.’ पंचवीस मिनिटं एक ओळ लिहिली नाही. शेवटी पर्यवेक्षकांनी जवळ येऊन पाणी हवंय का विचारलं, तेव्हा पेन हलला.

“मॅडम, सगळं येत होतं हो,” ती म्हणाली. “बाहेर पडले आणि जिन्यातच उत्तर आठवलं.”

हे जिन्यात आठवणं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि बऱ्याच जणांना ती सबब वाटते. ती सबब नाही. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि साठवलेली गोष्ट ऐनवेळी बाहेर काढण्याचं काम त्याने अडतं. डी क्वेर्वान आणि सहकाऱ्यांनी २००० साली निरोगी माणसांना कॉर्टिसोनची गोळी देऊन (शरीरात तिचं कॉर्टिसॉल होतं) हे तपासलं. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द त्यांना कमी आठवले. शब्द पुसले गेले नव्हते, फक्त हाती लागत नव्हते. हे मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं आणि तिचे खांदे थोडे खाली आले. ‘मी अभ्यासच केला नाही’ आणि ‘केलेला अभ्यास हाती लागला नाही’ या दोन वाक्यांत पुढचे सोळा दिवस कसे जातील याचा फरक आहे.

त्याआधी एक प्रश्न विचारला होता, जो विचारायला शिक्षक कचरतात. झोप किती, जेवण होतं का, हे विचारून झाल्यावर सरळ विचारलं: “जगणंच नको, असं मनात येतं का?” ती म्हणाली, “नाही मॅडम, तसं नाही. फक्त पळून जावंसं वाटतं.” असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, उलट असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं असतं तर हे प्रकरण माझ्याकडे राहिलंच नसतं, त्याच क्षणी तिच्याबरोबर उठून समुपदेशकांकडे गेले असते. तरीही विद्यापीठाच्या समुपदेशकांची वेळ तिच्या संमतीने मी तेव्हाच घेऊन ठेवली. ती मिळाली नवव्या दिवशीची.

माझी चूक

मग मी जे केलं ते चुकीचं होतं, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः त्या चुकीमुळे.

मी तिला ताण कमी करण्याची सात कामांची यादी दिली. सकाळी दहा मिनिटं ध्यान. दुपारी श्वसनाचा व्यायाम. संध्याकाळी चालणं. झोपण्याआधी एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत, जी एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या पुस्तकात मांडली. काळज्या लिहून काढायची वही. रंग भरायचं पुस्तक. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं. सातही गोष्टी चांगल्याच. शिवाय एक चौकोनी कागद दिला: दिवसाचे अठ्ठेचाळीस चौकोन, एकेक अर्ध्या तासाचा, प्रत्येकात काय केलं ते एका शब्दात लिहायचं.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पहिल्या दिवसापेक्षा जास्त ओढलेली दिसत होती. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, “सॉरी मॅडम, ध्यान पण राहिलं. स्नायूंचं एकदाच झालं. वही सुरूच नाही केली.”

जिला आधीच पाच विषयांचा ढीग उपसायचा होता, तिच्या ढिगावर मी सहावा विषय ठेवला होता. आता तिला अभ्यास राहिला याची टोचणी होतीच, शिवाय विश्रांती राहिली याचीही लागली. परीक्षेच्या काळात मुलांना सल्ले देणारे आपण सगळे कमीअधिक हेच करतो. यादी जितकी लांब, तितकी आपल्याला मदत केल्यासारखं वाटतं.

त्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगी पडला तो चौकोनी कागद, कारण तो तिने प्रामाणिकपणे भरला होता. दुसऱ्या दिवसाचा हिशोब असा निघाला. झोप सात चौकोन, म्हणजे साडेतीन तास. फोन नऊ चौकोन. जेवण, अंघोळ, येणं-जाणं दहा चौकोन. अभ्यास बावीस चौकोन, म्हणजे अकरा तास. पण त्या बावीसपैकी दहा चौकोनांच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलने ठिपका काढला होता. विचारलं तर म्हणाली, “तेव्हा पुस्तक उघडं होतं, पण डोकं बंद.”

म्हणजे खरा अभ्यास सहा तास. शेवटची कॉफी रात्री साडेबाराला. आणि अठ्ठेचाळीसपैकी एकही चौकोन असा नाही, ज्यात तिने स्वतःच्या आवडीचं काही केलं.

“एरवी संध्याकाळी काय करतेस?”

“बॅडमिंटन खेळायचे. रोज चाळीस मिनिटं. वीस दिवसांपूर्वी बंद केलं. वेळ वाचवायला.”

तो वाचलेला वेळ फोनमध्ये गेला होता. आणि फोनवर तरी काय, तर वर्गाचा ग्रुप. कोणाचं किती झालं, कुठला प्रश्न नक्की येणार, कोणी रात्रभर जागलं. त्याला ती ‘ब्रेक’ म्हणत होती. तो ब्रेक नव्हता. अभ्यासाची भीती अभ्यासाशिवाय चालू ठेवण्याचा तो मार्ग होता. फोन बाजूला ठेव म्हटल्याने काही साधत नाही, कारण दमलेला माणूस हाताशी असेल तेच उचलतो. हाताशी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं, आणि ते माणसाला आधीपासून आवडणारं असेल तरच टिकतं.

तीन गोष्टी

यादी फाडली आणि तीनच गोष्टी ठेवल्या. निवडताना डोळ्यांसमोर एक जुना फरक होता. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ साली परीक्षेच्या ताणाचे दोन भाग वेगळे केले: एक मनातली काळजी, दुसरा शरीराची खळबळ, म्हणजे धडधड, घाम, पोटात गोळा. गुणांशी जास्त संबंध दिसतो तो काळजीचा. विद्यार्थिनीचं लक्ष मात्र होतं घामाकडे, कारण तो दिसत होता. शरीर शांत करणारे उपाय लागतातच, पण ‘गेला पेपर’ हे वाक्य डोक्यात फिरत राहिलं तर शांत शरीराने बसूनही हात चालत नाही.

पहिली गोष्ट, बॅडमिंटन परत सुरू. संध्याकाळी साडेसहाला, जाण्यायेण्यासकट दोन चौकोन. हे दोन चौकोन मी तिला शाईने आधी भरायला लावले आणि अभ्यास त्यांच्याभोवती पेन्सिलने बसवायला सांगितलं. उरलेल्या वेळात विरंगुळा बसवायचा म्हटलं की परीक्षेत वेळ कधीच उरत नाही.

दुसरी, रात्रीची यादी. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या करायच्या कामांची यादी कागदावर. हे मी हवेतून काढलं नव्हतं. स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर हे तपासलं: उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. नऊ मिनिटं फार नाहीत, पण कोणाला त्यासाठी वेगळं शिकावं लागत नाही. तिच्या बाबतीत मोठा फायदा निराळाच झाला. ‘सगळं राहिलंय’ या वाक्याचं ‘दुसऱ्या घटकातले तीन मुद्दे राहिलेत’ असं वाक्य झालं, आणि दुसऱ्या वाक्यावर काहीतरी करता येतं. याच गोष्टीला जोडून शेवटची कॉफी दुपारी चारला. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेलं ४०० मिलिग्रॅम कॅफीनसुद्धा एक तासाहून जास्त झोप खातं, हे ड्रेक यांच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं आहे. साडेबाराच्या कॉफीने काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट तिला ताण घालवणारी वाटेचना. ती म्हणजे पुस्तक मिटून आठवून लिहिणं. एक मुद्दा वाचायचा, पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग उघडून ताडून बघायचं.

“हा तर अभ्यासच झाला ना मॅडम?”

अभ्यासच. पण तिची भीती नेमकी कशाची होती? ऐनवेळी आठवणार नाही याची. आणि ती वाचत होती तेच तेच पुन्हा. पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, अशी समजूत होते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा चारदा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवला. एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनंतर तपासलं तेव्हा वाचणारेच पुढे होते, म्हणून तर आदल्या रात्री वाचताना सगळं येतंय असं वाटतं. आणि या मुलीसाठी सर्वांत महत्त्वाचा २०१६ चा स्मिथ, फ्लॉर्की आणि थॉमस यांचा अभ्यास: ताण दिल्यावर नुसतं वाचून शिकलेल्यांची आठवण घसरली, आठवून शिकलेल्यांची घसरली नाही. म्हणजे तिला ऐनवेळी जे हवं होतं त्याचा सराव रोजच्या टेबलावर होऊ शकत होता. ताण कमी करणारा उपक्रम म्हणून मला विचाराल तर मी आज हा पहिल्या क्रमांकावर ठेवीन, ध्यानाच्याही आधी.

ध्यानाला कमी लेखायचं नाही. केंब्रिजमध्ये ६१६ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेस ध्यानाच्या, वर्गामुळे परीक्षेच्या काळातला त्रास कमी झालेला दिसला. पण आठ आठवडे! सत्राच्या सुरुवातीला लावायचं झाड तिसऱ्या दिवशी सावली देईल अशी अपेक्षा मी केली होती.

हॉलमध्ये

हॉलसाठी वेगळं काहीतरी हवं होतं, तिथे बॅडमिंटनचं कोर्ट नाही की वही नाही. तिथे श्वास कामी आला. नाकाने एक श्वास आत, तो पूर्ण व्हायच्या आत त्यावर छोटा दुसरा, मग तोंडाने लांब, सावकाश बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून भर सोडण्यावर. २०२३ मध्ये बालबन आणि सहकाऱ्यांनी महिनाभर रोज पाच मिनिटं हे करणाऱ्यांची तुलना सजगता-ध्यान करणाऱ्यांशी केली, तेव्हा मनःस्थितीत जास्त सुधारणा अशा श्वासाने झाली. माझ्या खोलीत तिने पहिल्यांदा केलं तेव्हा तिला गरगरलं. भराभर करत होती, तेही परीक्षेच्या घाईने. मी तिला टेबलावर बोट ठेवायला सांगितलं: श्वास सोडताना बोट टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता सरकवायचं, बोट पोचायच्या आत श्वास संपता कामा नये. चौथ्या खेपेला जमलं. हेच बोट तिने पुढे बाकाच्या कडेवर सरकवलं.

दुसरं, पेपर हातात आल्यावर पहिली तीन मिनिटं उत्तर लिहायचंच नाही. शेवटच्या पानावर कच्च्या कामाच्या जागेत फक्त आठवतील ते शब्द टाकायचे. आणि सुरुवात पहिल्या प्रश्नाने नव्हे, सर्वांत चांगल्या येणाऱ्या प्रश्नाने.

तिसरं एक सुचवलं ते तिने नाकारलं. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांनी गाणं, भाषण आणि गणित यांत चांगली कामगिरी केली होती. ती म्हणाली, “मला ते खोटं वाटेल मॅडम.” तिथेच सोडलं. तसंच पेपरआधी दहा मिनिटं काळज्या लिहून काढण्याचं. २०११ चा रामिरेझ आणि बिलॉक यांचा त्यावरचा प्रयोग गाजला, पण पुढे तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिला तेव्हा तोच परिणाम आला नाही. मनापासून लिहावंसं वाटणाऱ्याने लिहावं. ही लिहिणारी नव्हती.

उरलेले चार पेपर

दुसरा पेपर, पाचवा दिवस. हात गार पडले, घाम आला. रुमाल मांडीवर होता. बोट बाकावरून पाच वेळा सरकलं. सातव्या मिनिटाला लिहायला लागली. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की घाम गेला नव्हता, आणि तरीही ती लिहू शकली.

सहाव्या दिवशी विद्यार्थ्यांनी कुत्र्यांना थोपटायला बोलावण्याचा कार्यक्रम ठेवला होता. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल खाली आलेलं दिसलं आहे, त्यामुळे ‘जा’ म्हटलं. तिला दहा मिनिटं फार आवडली. रांगेतली चाळीस मिनिटं आवडली नाहीत, पुढचा पेपर दोन दिवसांवर होता. असे कार्यक्रम दोन पेपरांत चार दिवस असतात तेव्हा ठेवले तर त्यांचं चीज होईल.

तिसरा पेपर, आठवा दिवस. इथे घडी विस्कटली. दोन दिवसांत पाच घटक. शाईने भरलेले बॅडमिंटनचे चौकोन तिने खोडले, ग्रुप पुन्हा उघडला, आदल्या रात्री चार तास झोपली. हॉलमध्ये डोकं रिकामं झालं नाही, पण थकव्याने वाक्यं अर्धवट राहिली. नंतर तिनेच एक गोष्ट दाखवली: पाचपैकी दोनच घटक तिने मिटल्या पुस्तकाने केले होते, आणि त्या दोनांवरचे प्रश्न तिने सलग लिहिले. अर्थात पेपर अवघडही होता. एका मुलीच्या एका पेपरवरून काही सिद्ध होत नाही.

नवव्या दिवशी ती समुपदेशकांना भेटली. त्यांनी तीनपैकी काहीच बदललं नाही, फक्त ‘एक दिवस चुकला’ आणि ‘सगळं बिघडलं’ यांतला फरक तिच्याकडून मोठ्याने बोलून घेतला. ते मला सुचलं नव्हतं.

दहाव्या दिवसाचा चौकोनी कागद माझ्याकडे आहे. झोप चौदा चौकोन. फोन तीन. बॅडमिंटन दोन. इतर बारा. अभ्यास सतरा, त्यांत ठिपके तीन. दुसऱ्या दिवशी ती अकरा तास टेबलाशी होती आणि खरा अभ्यास सहा तास झाला. दहाव्या दिवशी साडेआठ तास बसली आणि खरा अभ्यास सात तास झाला. ही बेरीज तिने स्वतः केली, कागदाच्या तळाशी, आणि सातला दोनदा गोल केला.

चौथा पेपर चांगला गेला. पाचवा तिच्या नेहमीसारखा.

नंतर

पहिला पेपर ती चार गुणांनी पास झाली. तिसऱ्यात मध्यम, बाकी तिन्हींत तिला हवे होते तेवढे.

मी तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. चौकोनी कागद आता परीक्षेच्या सहा आठवडे आधी देते, आणि तो बघितल्याशिवाय कुठलाही उपाय सुचवत नाही. तो बघितल्यावर पहिला प्रश्न विचारते: या महिन्यात काय करायचं सोडलंस? जवळजवळ प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. कोणी गाणं सोडलेलं असतं, कोणी पोहणं, कोणी रोज संध्याकाळी एका मैत्रिणीशी बोलणं. तिथूनच सुरुवात करतो, नवीन काही शिकवायची वेळ क्वचित येते.

तिची एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बैठक क्रमांक लिहिताना हात अजून थरथरतो, हे तिने निकालानंतर सांगितलं. पुढच्या प्रवेश परीक्षेआधी ती त्यासाठी समुपदेशकांकडे जाते आहे, पंधरा दिवसांतून एकदा. परवा भेटली तेव्हा खांद्यावर रॅकेटची पिशवी होती, घाईत होती, साडेसहा वाजत आले होते.